दसऱ्याची खंजिरी

मी कॉलेजात संगीत शिकवलं, पण जीव अडकला तो अंगणवाडीत. ‘पोरांना वाजवू द्या, आपटू द्या, फुटलं तर फुटू द्या,’ हे सेविकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगून सांगून घसा बसला. आता निवृत्तीला आठवडा उरलाय. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरले, तिथून रिक्षानं बोर्लीजवळच्या अंगणवाडीत आले, तोवर गुडघे बोलायला लागले होते. मागे कधीतरी इथे वाद्यं दिली होती, ती एकदा बघायची होती. मुलं हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलेली. वाद्यं उंच फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी. खंजिरी अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्येच होती आणि त्या प्लास्टिकवर हळदीकुंकवाची पुटं चढली होती. “दर दसऱ्याला पूजा करतो, मॅडम,” सेविका सुचिताताई अभिमानानं म्हणाल्या. “तुमची वस्तू हाय. पोरांचा हात लागू दिला न्हाय.” रागवायचंसुद्धा त्राण नव्हतं. मी खंजिरी खाली काढायला लावली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि पुढच्याच रांगेतल्या चिमुकल्या जागृतीसमोर बसकण मारली. “घे गं बाय. वाजव. हवी तशी वाजव.” तिनं आधी ताईंकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी खंजिरी घेतली, डोळे मिटून कपाळाला लावली आणि एकही झांज वाजू न देता हळूच माझ्या मांडीवर परत ठेवली.