उभ्याने गायलेलं स्तोत्र

पाठीच्या दुखण्याने ग्लेनिस अंथरुणाला खिळली होती; रविवारी तेवढं तिला चाकाच्या खुर्चीतून चॅपलला, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चला, नेत. सरकारी आजारभत्ता आणि घरभाड्याची मदत, एवढ्यावरच डोक्यावरचं छप्पर टिकून होतं. त्या रविवारी मात्र चॅपलमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन बोलता बोलता गाण्याच्या सुरात असं चढत गेलं, की पुढच्या स्तोत्राला ती आपसूक उभी राहिली आणि शेवटच्या कडव्यापर्यंत गायली. नंतर दोन दिवस तिला कूससुद्धा बदलता आली नाही.

बुधवारी घरमालक एमरिसकाका दारातूनच ओरडले, "अगं, भत्त्याच्या ऑफिसातली बाई तुझी चौकशी करत आली होती!"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच! म्हटलं, देवाला दया आली, पोरगी उभी राहून गाते. हरखलीच बिचारी. या रविवारी येतेय तुझं गाणं ऐकायला. तुझ्या शेजारचीच जागा धरलीय तिच्यासाठी."