सूचनाफलक

आमच्या ज्येष्ठांच्या अभ्यासमंडळात आवडीप्रमाणे गट आहेत. मंगळवारी कादंबरीवाचनाचा गट असतो. आत जायचा धीर होत नाही, म्हणून तीन महिने मी दाराबाहेर सूचनाफलक वाचत असल्यासारखा उभा राहून ऐकतो. आज आत चिटणीस डोकी मोजत होते.

"पाचच! सहा नसतील तर गट बंद, बाई."

"सहा आहेत की," वाचणाऱ्या बाई म्हणाल्या. "सहावे बाहेर उभे आहेत. तीन महिने झाले, त्यांचा फलक काही वाचून संपत नाही!"

सगळे हसले. चिटणिसांनी दार उघडलं. "काका, तुम्ही या गटात आहात?"

पळून जावंसं वाटलं.

"हो," मी म्हणालो. "पण बाई, मागच्या मंगळवारी शेवटचं पान फारच हळू आवाजात वाचलंत."