तिसरा बाहेरचा

"हा बाहेरचा आहे," धर्मेंद्रने पंचांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं आणि अंतिम सामना सुरू होण्याआधीच थांबला.

पंडित चेंडू बगलेत धरून तिथेच उभा राहिला. स्पर्धेचा नियम साधा होता. प्रत्येक संघात बाहेरगावचे, म्हणजे सुरत जिल्ह्याबाहेरचे, खेळाडू दोनच. पलसाण्याच्या मिलच्या संघात एक पंजाबचा आणि एक केरळचा असे दोघे आधीच होते. पंडितला मिलच्या शेठने सुरतचा म्हणून घेतलं होतं. तो बाहेरचा ठरला तर तिसरा, म्हणजे बाद. धर्मेंद्र समोरच्या, सुरतेतल्याच डिंडोलीच्या संघाचा मॅनेजर. अंगाला घाम न येता सामना जिंकता आला तर त्याला हवाच होता.

आणि तो पंडितच्याच गल्लीतला. दोघांचे बाप खानदेशातून सुरतेच्या लूमवर कापड विणायला आलेले, दोघांचा जन्म डिंडोलीतला.

पंडितचं पोट बास्केटबॉलवर होतं. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. बोलावतील त्यांची जर्सी घालायची, हंगाम संपला की काढून द्यायची. वापी झाली, नाशिक झालं, इंदूर झालं, कोल्हापूर झालं. महाराष्ट्रात त्याला सुरतवाला म्हणायचे, सुरतेत खानदेशी. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण पैसे बाहेरच्यालाच मिळतात. घरच्या पोराला टी-शर्ट आणि दोन केळी. पण आता पस्तिशी आली होती आणि गुडघा ऐकत नव्हता. शेठने शब्द दिला होता, कप आण आणि मिलमध्ये कायमची नोकरी घे. आज मैदानात उतरायला मिळालं नाही, तर त्यापुढे त्याच्याकडे काही नव्हतं.

"साहेब, गये साल ये हमारी तरफ से खेला," धर्मेंद्र मुख्य पंच देसाईसाहेबांना सांगत होता. "इसी टेबल के सामने बोला, मैं बाहर का हूँ, मेरा गाँव अमळनेर. बाहरवाले का पैसा लिया."

ते खरं होतं. गल्लीच्या संघात खेळायचे पैसे मिळेनात, तेव्हा पंडितने स्वतःच्या तोंडाने सगळ्यांदेखत बापाचं गाव सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धर्मेंद्रने तेव्हा मुकाट्याने पैसे दिले आणि वर्षभर डूक धरून ठेवला.

"बोल भाई, तू क्यांनो?" देसाईसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"डिंडोली."

मागून हसण्याचा गोंगाट उठला. "बाहेरना! बाहेरना!" पायऱ्यांवर सगळी डिंडोली बसली होती. पंडितच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेली माणसं त्याला बाहेरचा म्हणून ओरडत होती. हातातला चेंडू त्यांच्या तोंडावर फेकून मारावा असं त्याला वाटलं.

तेवढ्यात त्याला वाल्मिक दिसला. सात नंबरची डिंडोलीची जर्सी घालून तो खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. पंडितचा धाकटा भाऊ. तीन हंगाम त्याने त्या संघाच्या बॅगा उचलल्या, बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. आज पहिल्यांदा पहिल्या पाचात त्याचं नाव होतं. सकाळी घरातून निघताना दोघे एकमेकांशी बोलले नव्हते, सामन्याच्या दिवशी बोलायचं नसतं म्हणून.

पंडितला वाट सापडली. तो देसाईसाहेबांना गुजरातीत म्हणाला, "तो सात नंबर माझा सख्खा भाऊ आहे. एका आईची लेकरं आम्ही. तो इथला, तर मी बाहेरचा कसा?"

वाल्मिकने नाडी अर्धवट सोडून वर बघितलं.

देसाईसाहेबांनी त्याला जवळ बोलावून विचारलं. त्याने होकाराची मान हलवली. साहेबांनी जरा विचार केला आणि मग मोठ्याने निकाल सांगितला. एक भाऊ गावचा आणि एक बाहेरचा असं होत नाही. धर्मेंद्रने तक्रार मागे घेतली तर दोघे इथले, दोघांनी खेळावं. नाही घेतली तर दोघे बाहेरचे. डिंडोलीकडेही बाहेरचे दोघे आधीच आहेत, त्यामुळे वाल्मिकसुद्धा बाद.

पंडितने श्वास सोडला. धर्मेंद्र आपल्याच संघातल्या पोराला कापणार नाही याची त्याला खात्री होती. वाल्मिकलाही होती. तो धर्मेंद्रकडे बघून चक्क हसला.

धर्मेंद्रने फार वेळ घेतला नाही. "दोनों को निकालो," तो म्हणाला. नव्या पोराच्या बदल्यात पंडित जात होता, सौदा स्वस्त होता. वाल्मिककडे न बघताच त्याने बाकावरच्या दुसऱ्या मुलाला बोटाने उठवलं. पलीकडे खुर्चीत बसलेल्या शेठनेही पंडितच्या जागी दुसरा उठवला आणि मग मोबाइल कानाला लावला.

दोघांना जाळीच्या बाहेर काढण्यात आलं. पायऱ्यांवरून आता शिट्ट्या येत होत्या, त्या दोघांसाठी होत्या.

पंडितने वाल्मिकच्या खांद्यावर हात ठेवला. वापीच्या मॅनेजरशी बोलतो म्हणाला, तिकडे तुला घेतील, पैसेही देतील, इथे काय ठेवलंय.

वाल्मिकने खांदा झटकला. आत चेंडू वर उडाला आणि डिंडोलीची माणसं डिंडोलीच्या नावाने ओरडू लागली. त्या गोंगाटात तो भावाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन घरच्या अहिराणीत म्हणाला,

"तू पैसासाठे बाहेरना व्हयना. माले कसाले करं?"