कावळ्याचा कौल

कावळा खाली उतरला, मान वाकडी करून त्यानं पिंडाकडं पाहिलं आणि परत पिंपळावर जाऊन बसला.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले.

अनंतरावांनी उपरण्यानं घाम पुसला. त्यांचा धाकटा भाऊ वैजनाथ बॉम्बफेकी विमानात नेव्हिगेटर होता. एकाहत्तरच्या लढाईत एका रात्री विमान गेलं ते गेलंच. घरी वीरचक्र आलं, वैजनाथ आला नाही. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी पैठणच्या घाटावर पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि जाळला. आज त्याचा दहावा.

पिंडामागं पदक ठेवलेलं. बाजूला वैजनाथची बायको कालिंदी, कपाळावर अजून ठसठशीत कुंकू. तिच्या शेजारी द्वारकाआत्या ओलं फडकं घेऊन तयार. कावळा शिवला की कुंकू पुसायचं, असं ठरलेलं.

काल गुलमंडीतल्या घरून निघताना कालिंदीनं सासूचे पाय धरले होते. "आई, तुम्ही तरी थांबवा. हे गेलेत असं मला वाटतच नाही."

"माझं या घरात कोण ऐकतं?" यमुनाबाई म्हणाल्या. "कावळ्याचं मात्र सगळे ऐकतात. तो सांगेल ते खरं."

विधीला पहिला होकार त्यांचाच होता. आज पहाटेही त्या एकट्याच गंगेवर आंघोळीला गेल्या आणि येताना पितळेचा मोठा डबा घासून घेऊन आल्या.

"वैजा, आईला मी सांभाळीन," अनंतराव हात जोडून म्हणाले.

कावळा हलला नाही.

"कालिंदीला अंतर देणार नाही."

कावळ्यानं फांदीला चोच पुसली.

"तुझी सायकल विकणार नाही रे!"

"सायकलीत कसला जीव अडकतोय त्याचा!" आत्या करवादल्या.

ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या उचलल्या. "दर्भाचा कावळा करून शिवतो. शास्त्राला चालतं."

आत्यांनी फडकं पिळलं. कालिंदीनं डोळे मिटून घेतले.

"थांबा." यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. "गवताच्या कावळ्यानं माझ्या सुनेचं कुंकू पुसायचं नाही. खरा शिवला तर शिवला."

"अगं आई, पण शिवतच नाही ना तो!"

"मग उठा. जित्या माणसाचा दहावा घालत बसलाय."

अनंतरावांनी पदक उचललं, उपरण्यानं पुसलं आणि कालिंदीच्या ओंजळीत ठेवलं. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

सगळे पुढं गेले. यमुनाबाई गुडघ्यावर हात देत एकेक पायरी चढत होत्या. वर फुलं विकणारी सरूबाई त्यांना आडवी आली.

"आज्जी, पुन्यांदा इतका दहीभात नका आणू बाई! पहाटं डबाभर चारलात, आता पलीकडच्यांच्या पिंडाला बी कावळा शिवंना!"