निर्दोष वास्तू

घर विकायला काढले, तेव्हा अंधश्रद्धेवर आयुष्यभर व्याख्याने दिलेल्या प्राध्यापक विजयसिंहांनी भिंती रंगवल्या, गळके नळ बदलले आणि एजंटाचा शेवटचा सल्लाही शिरोधार्य मानला: "सर, मढं निघालेलं घर गिऱ्हाईक घेत न्हाई बघा."

डॉक्टरांनी आईला, बयाबाईंना, दोनच दिवस दिले होते. त्याच दुपारी विजयसिंहांनी रुग्णवाहिका बोलावली.

"कुठं न्हेतोस रं मला? माझं घर हाय की ह्ये," बयाबाई पुटपुटल्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला.

पंधरवड्याने इचलकरंजीहून एक गिऱ्हाईक आले. विजयसिंहांनी न विचारताच सांगितले, "या वास्तूत आजवर एकही मृत्यू झालेला नाही." विधान निर्विवाद सत्य होते.

तेवढ्यात बाहेरून खोकल्याची ढास ऐकू आली, हुबेहूब आईची. विजयसिंहांचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरू नका सर, आमची आई हाय, गाडीत बसलीया. चार-सहा म्हैनं काढंल म्हणत्यात. घरमालक म्हणतोय, माझ्या खोलीत मरू देऊ नका. म्हणून तर घर घ्यायला निघालोय. तुम्हीच सांगा, तिला ह्यातली कुठली खोली देऊ?"