तेलकट छाती

ईसीजीच्या पट्ट्या माझ्या छातीवरून तिसऱ्यांदा निसटल्या. पहाटेच तालमीत मालिश झालं होतं.

"पैलवान, आधी तेल पुसा," नर्स वैतागली.

वस्तादांनी डोक्याचा पटका सोडला आणि स्वतःच माझी छाती पुसू लागले. आखाड्यात मला उचलून आपटणारे त्यांचे हात आता हळुवार फिरत होते. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखं वाटतं, हे मी त्यांना कालच सांगितलं होतं.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई हसल्या. "हृदय ठणठणीत आहे. धडधाकट माणसाचाही ठोका कधीमधी चुकतो. चक्कर आली तर मात्र लगेच या."

"आणि कुस्ती?" मी विचारलं.

"खुशाल खेळा."

वस्ताद बाकावर मटकन बसले. त्याच तेलकट पटक्यानं त्यांनी डोळे पुसले, मग माझ्यावर खेकसले, "महिनाभर लपवलंस व्हय रं? उद्या पाचशे बैठका जास्त!"

मी तिथंच सुरुवात केली.