सरळ पट्टीवरच्या दोन फेऱ्या

वेदिकाने क्लच सोडला आणि विश्वेशची पाठ सीटमध्ये रुतली. द्राक्षबागांची हिरवी रेघ खिडकीतून निसटून गेली. तिचा डावा हात गिअरवर गेला, खटका पडला, त्याचे शरीर किंचित पुढे झुकले. आणि पुन्हा तोच रेटा, छातीवर कोणी भरभक्कम तळहात ठेवावा तसा. पुन्हा खटका. पुन्हा निमिषभराची पोकळी. मग पट्टीचे टोक आले, पिवळी गाडी थांबली, आणि आपण हसतो आहोत हे त्याला उशिरा कळले.

सातपूरच्या कारखान्यात तो गिअरबॉक्स तपासत असे. दातांत दात बसताना त्याने रोज पाहिले होते. पण ते टेबलावर, तेलाच्या वासात, जागच्या जागी. गिअरबॉक्सच्या पोटात एवढे वादळ असते हे त्याला आज, वयाच्या तिशीत, उमगत होते.

मोटार क्लबची ही शर्यतीच्या सरावाची पट्टी दिंडोरी रस्त्याच्या आत, बागांच्या मागे होती. दुसऱ्या भेटीसाठी ती जागा वेदिकानेच निवडली होती. पहिली भेट गंगापूर रोडवर, तिच्या घरी, मोठ्यांच्या देखत झाली. त्या दिवशी विश्वेशने प्रत्येक प्रश्नाला ‘चालेल’ असे उत्तर दिले होते. मुलगी लग्नानंतर शर्यतीत उतरेल? चालेल. त्र्यंबकेश्वरला सासरी राहणार नाही, शहरातच राहील? चालेल. आज येताना तिने गाडीतच सांगून टाकले, ‘‘सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाशी मला लग्न करायचं नाही. आधीची दोन स्थळं त्याच कारणाने परत गेली.’’ दोन्ही घरी संध्याकाळपर्यंत उत्तर कळवायचे होते. त्याचे उत्तर पहिल्याच भेटीत ठरले होते. ते तिच्यापर्यंत पोहोचवण्याचे धैर्य तेवढे त्याच्यापाशी नव्हते.

टोकाला छत्री लावून, वेळ मोजायचे यंत्र घेऊन मोहिनीवहिनी बसल्या होत्या. वेदिकाच्या भावाची बायको; दोघांना एकटे सोडायचे नाही म्हणून घरच्यांनी पाठवलेली, आणि त्या कामात फारसा रस नसलेली.

‘‘जावईबापू म्हणू की अजून थांबू?’’ त्यांनी विचारले.

‘‘थांब गं वहिनी,’’ वेदिका म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. ‘‘ही मॅन्युअल. ती पांढरी ऑटोमॅटिक. इंजिन एकच, वजन जवळपास सारखं. माझं म्हणणं, माझ्या हातात मॅन्युअलच आधी पोहोचते. तुमचं काय?’’

‘चालेल’ हा शब्द जिभेवर आला होता. त्याने तो गिळला.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘ऑटोमॅटिक आधी पोहोचेल. तुमचा हात चपळ आहे, पण गिअर बदलताना ताकद तुटते. मला ते जाणवलं. दर वेळी अंग पुढे येत होतं. तेवढ्यात वेळ सांडतो. ऑटोमॅटिकमध्ये काहीच सांडत नाही.’’

एवढी वाक्ये तो मुलीशी प्रथमच सलग बोलला होता. वेदिका त्याच्याकडे पाहत राहिली, सकाळपासून पाहिले नव्हते तशी.

‘‘वहिनी, ऐकलंस? मला नाही म्हणाले.’’

‘‘ऐकलं. लिहून घेऊ का?’’

दोघे पांढऱ्या गाडीत बसले आणि पट्टीच्या आरंभाकडे आले. तिने डावा पाय ब्रेकवर दाबून धरला, उजव्याने इंजिन गरजू दिले आणि ब्रेक सोडला. या वेळी पोकळी नव्हती. एकच लांब, अखंड रेटा होता. नदीने माणसाला उचलून न्यावे तसा. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर शांत होते. बागा, तारा, रामशेजचा डोंगर, सगळे एकमेकांत मिसळून गेले. विश्वेशच्या कानांत रक्त वाजत होते. आणि त्या कल्लोळातही त्याच्या सवयीच्या कानाने एक गोष्ट टिपली: तिसरा गिअर लवकर पडला होता.

गाडी थांबली. मोहिनीवहिनींनी यंत्र उंच धरले.

‘‘मॅन्युअल जिंकली. गिअरबॉक्सवाले हरले. आता हरल्याचं जेवण कुठे देताय ते सांगा.’’

वेदिकाने हेल्मेट काढले. ते मांडीवर घेऊन ती समोर बघत बसली.

आता मार्ग सोपा होता. ‘तुमचंच बरोबर’ म्हणायचे, हसायचे, आणि संध्याकाळी पेढे. एकदा तो नाही म्हणाला होता. अट तेवढ्याने पुरी झाली होती. आणखी काही बोलणे म्हणजे तिला खोटी ठरवणे. कोणती मुलगी हे ऐकून होकार देईल? त्याने गाडीचे दार अर्धे उघडले. मग ते पुन्हा लावून घेतले.

‘‘तुम्ही पाय ढिला केलात,’’ तो म्हणाला. ‘‘ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर ही गाडी इंजिन पार वर जाईपर्यंत गिअर बदलत नाही. तिने तिसरा लवकर घेतला. पुढचा तर फारच लवकर. अर्ध्यातूनच तुम्ही तिला आवरलंत. ही तुलना खरी नाही.’’

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘आवरलं.’’

‘‘मला हरवायला?’’

वेदिकाने नकारार्थी मान हलवली. बाहेर वहिनी छत्री मिटत होत्या. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि आवाज इतका खाली आणला की तो फक्त शेजारच्या सीटपर्यंत पोहोचावा.

‘‘पट्टी फार लवकर संपत होती.’’